हिरामण आबांची रेघ

ऑफिसात आल्या आल्या हिरामण आबा आधी माझ्या टेबलावरचं खोडरबर उचलायचे आणि खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवायचे. त्यात राग नसायचा, बोलणंही नसायचं. दाराशी चपला काढाव्यात इतक्या सवयीनं ते हे करायचे. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायचे आणि विचारायचे, "हां वंदनाबेन, काय नवीन?" हा प्रश्न इतक्या मोठ्यानं असायचा की खालचा झेरॉक्सवाला सुरुवातीला वर बघून उत्तर द्यायचा.

खोडरबराशी त्यांचं वैर होतं ते मोजणीच्या वहीमुळं. जमिनीची उंचसखल मापं ज्या वहीत लिहितात, तिच्यात खोडायचं नसतं. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. खालचा चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे. आता मी काही त्या वहीत लिहीत नव्हते. मी कॉम्प्युटरवर नकाशे काढायची आणि खोडरबर मला लागायचं ते जेवणाच्या सुट्टीत आकड्यांचं कोडं सोडवायला. हे मी आबांना तीनदा समजावून सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी खोडरबर पुन्हा खिडकीत गेलं.

आमचं ऑफिस म्हणजे रिंग रोडच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. कुणाला मोठं बांधकाम करायचं असलं की त्या जागेचा पर्यावरण अहवाल आम्ही करून द्यायचो. जमीन कशी आहे, पावसाचं पाणी कुठं जातं, झाडं किती, शहराच्या नकाशात ती जागा कुठल्या झोनमध्ये येते, तिथं घरं बांधता येतात की नाही, असं सगळं. मालक मेहुलभाई स्वभावानं सरळ माणूस. कुणी काही विचारायला गेलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "जे आवे ते लखो." जे निघेल ते लिहा. मी मूळची परभणीची. लग्न होऊन सुरतेला आले, नवरा डाईंग मिलमध्ये, आणि मुलगी माझ्याशी भांडायची झाली तरी गुजरातीत भांडते. आबा शिरपूरकडचे. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, पण माझी मराठी त्यांना पुस्तकी वाटायची आणि त्यांची अहिराणी मला पहिलं वर्षभर निम्मीच कळायची.

आबा तरुणपणी सुरतेला आले ते लूमवर. वीस-बावीस वर्षं त्यांनी पॉवरलूम चालवले आणि त्यात कान गेले. पूर्ण नाही, पण बरेचसे. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, एवढा आवाज असतो की बोलून उपयोग नसतो. कारागीर एकमेकांशी हातांनी बोलतात. धागा तुटला, बॉबिन संपली, शेठ आला, चहा आला, सगळ्याला खुणा. एकदा खात्याच्या शेजारच्या रस्त्याची मोजणी चालली होती. दुर्बीण लावून बसलेला सर्व्हेअर लांब उभ्या असलेल्या आपल्या माणसाला ओरडून ओरडून घसा फोडत होता आणि त्या माणसाला काही कळत नव्हतं. आबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी तिथूनच हातानं त्या माणसाला सांगितलं, पट्टी डावीकडं घे, सरळ धर, आता हलू नको. सर्व्हेअरनं दुसऱ्या दिवशी त्यांना शोधून काढलं. अशी ती नोकरी लागली. आधी पट्टी धरणारे, मग हळूहळू दुर्बिणीमागं बसणारे. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण त्यांच्या मापात चूक सापडली असं मेहुलभाईंनीही कधी म्हटलं नाही.

त्या खुणा त्यांनी मलाही शिकवल्या. शिकवल्या म्हणजे माझ्यावर लादल्या. पट्टी धरायला माणूस मिळेना, तेव्हा आबांनी ती पट्टी माझ्या हातात दिली आणि मला उन्हात शेतांतून फिरवलं. ऑफिसातही खिडकीतून समोरच्या चहावाल्याला ते खुणेनंच सांगायचे, दोन कप, एक बिनसाखरेचा. दोन बोटं एकमेकांपासून झटकन दूर नेली की 'धागा तुटला'. ही त्यांची आवडती खूण होती. कॉम्प्युटर बंद पडला, बस चुकली, माझं नवऱ्याशी भांडण झालं, मेहुलभाईंचं ब्लडप्रेशर वाढलं, सगळ्याला हीच एक खूण. मी घरी सुद्धा ती वापरायला लागले होते.

या माणसाला एकच वेड होतं, तापीचं. त्यांचं गाव तापीच्या काठावर, आणि सुरतही तापीच्या काठावर. म्हणजे गावाजवळून गेलेलं पाणीच इकडं येतं, असा त्यांचा हिशेब. पावसाळ्यात गावी भावाला फोन करायचे. ऐकू येत नसल्यामुळं फोन स्पीकरवर, त्यामुळं भावाचं बोलणं आख्ख्या ऑफिसाला. पहिला प्रश्न प्रकृतीचा नसायचा, पिकाचा नसायचा. पाणी कुठवर आलंय, घाटाची कितवी पायरी बुडाली, हाच असायचा. मग ते बोटांवर दिवस मोजायचे आणि म्हणायचे, हे पाणी अमुक दिवशी आपल्याकडं येईल. मी एकदा जरा फणकाऱ्यानंच म्हणाले, "आबा, मध्ये एवढं मोठं धरण आहे. ते पाणी तिथं अडतं, महिनोन्‌महिने राहतं. गावचं पाणी कुठलं आणि इथलं कुठलं."

मी सांगत होते ते धरण त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं. ते हसले आणि म्हणाले, "थोडं तं येतच व्हई, माय."

लोकांसमोर मी त्यांची वंदनाबेन होते. माय म्हणायचे ते असं काही मनातलं बोलताना.

त्यांच्या बायकोचं नाव कमल. मी तिला पाहिलं नाही, मी नोकरीला लागायच्या आधीच ती गेली. पण ती आबांच्या बोलण्यात रोज असायची, तीही आत्ताच भाजी आणायला गेल्यासारखी. दोघांचा संसार झाला तो अमरोलीच्या पुढं, नदीकाठच्या एका गल्लीत. गल्ली सगळी खानदेशी. गल्लीच्या टोकाला एका मोकळ्या प्लॉटच्या कडेनं वाट जायची आणि पुढं नदीत उतरायच्या जुन्या दगडी पायऱ्या होत्या. अशा पायऱ्यांना सुरतेत ओवारा म्हणतात. श्रावणात खानदेशी घरांमध्ये कानबाई बसते. नारळाला देवीचा साज चढवून पाटावर मांडतात आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो पाट डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. गल्लीचा पाट पंचवीस वर्षं कमलबाईंच्या डोक्यावरून त्या ओवाऱ्यावर गेला. तिथं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती तोंड नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे गावाच्या दिशेला करायची आणि माहेरच्या एकेका माणसाचं नाव घेऊन पाण्याला निरोप विचारायची. हे सांगताना आबा तिच्या नावांची यादी जशीच्या तशी म्हणायचे, भाच्यांच्या टोपणनावांसकट. ती गेल्यावर मुलानं आबांना डिंडोलीला आपल्याकडं नेलं, गल्लीतलं घर भाड्यानं दिलं. डिंडोली नदीपासून बरीच लांब. तरी दर रविवारी आबा दोन रिक्षा बदलून ओवाऱ्यावर जायचे, शेवटच्या पायरीवर बसायचे आणि दुपारी परत यायचे. सून चिडायची. एवढं काय आहे तिथं, असं तिनं मला एकदा फोन करून विचारलं.

आणि मग त्याच मोकळ्या प्लॉटचं काम आमच्या ऑफिसात आलं.

प्लॉटवर नदीकडं तोंड करून अकरा इमारतींची वसाहत व्हायची होती. त्यावर पुष्कळ हरकती आल्या, फाईल परत गेली, आणि बिल्डरनं योजना आटोपती घेऊन पाच इमारतींवर आणली. पाचवी इमारत सगळ्यांत नदीलगत, थेट ओवाऱ्याच्या वाटेवर. जागेचा वरचा भाग रहिवासी झोनमध्ये होता, खालच्या भागाला एक अट होती. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं, त्या रेषेच्या खाली काही बांधायचं नाही, कुंपणाची भिंतसुद्धा नाही. त्यामुळं सगळा प्रश्न त्या रेषेवर आला. रेषा वर निघाली तर पाचवी इमारत रद्द आणि वाट मोकळी. रेषा खाली निघाली तर इमारत उभी राहणार, भिंत येणार आणि ओवारा पलीकडं जाणार.

त्या काठावर पुराची सरकारी खूण उरलेली नव्हती, ज्या खांबावर ती होती तो खांबच गेला होता. म्हणून गल्लीतल्या घरांत विचारून रेषा काढायची ठरली. मेहुलभाईंनी हे काम आबांना दिलं. आबांनी त्यांना स्वतः होऊन सांगितलं की माझं तिथं घर आहे, ओवाऱ्यात माझा जीव आहे, दुसरं कुणी बघा. मेहुलभाई म्हणाले, दुसरं कोण आहे, आणि तुमच्या मापावर माझा भरवसा आहे.

ते दोन दिवस मी विसरणार नाही. आबांची विचारायची पद्धत साधी होती. पुरानंतर घरी परतल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ होती, ती कुठवर होती एवढंच ते विचारायचे. भिंती तर कधीच्या रंगवून झालेल्या. पण ती रेघ बायकांनी हातानं घासून काढलेली, त्यामुळं त्यांना ती अंगावरच आठवत होती. एक भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि कपाळाला हात लावून म्हणायची, इथं होती. दुसरी खांद्याला हात लावायची. आबा त्या हाताजवळ तांबड्या पेन्सिलीनं खूण करायचे, मी पट्टी धरायची, ते दुर्बिणीतून बघून आकडा लिहायचे. प्रत्येक घरी पाणी प्यायचं आणि प्रत्येक घरी कमलबाईंचा विषय. स्वतःच्या जुन्या घरात भाडेकरूची परवानगी काढून आबा स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले आणि छातीला हात लावला. तो हात त्यांनी जरा जास्त वेळ तिथंच ठेवला.

गल्लीच्या शेवटी दगूबाई म्हणून एक एकटी म्हातारी राहायची. तिची खूण बाकीच्यांपेक्षा साधारण दीड फुटानं खाली आली. मी म्हटलं, आजीचं वय झालंय, राहू दे. आबा दमले होते, त्यांनी वही मिटली. मी ऑफिसात आल्यावर त्या आकड्यासमोर 'ग्राह्य नाही' असं लिहिलं. अक्षर माझंच आहे, अजून फाईलमध्ये आहे.

बाकीच्या खुणांवरून रेषा काढली ती वर निघाली. चांगली वर. पाचवी इमारत पूर्ण तिच्या खाली. नकाशावर मी निळी रेघ ओढली आणि ती ओवाऱ्याची वाट ओलांडून वर चढताना बघून मला खुदकन हसू आलं. आबांनी खिडकीतून चहावाल्याला चार कप सांगितले. गल्लीत बातमी गेली, तिथल्या सिंधूअक्कांनी, म्हणजे कमलबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं, डबाभर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा पाठवला. आम्ही तो मेहुलभाईंसकट खाल्ला.

अहवाल द्यायला तीन दिवस राहिले असताना आबा सकाळी आले ते खोडरबराकडं न बघताच थेट आपल्या जागेवर गेले. वही उघडून बसले. जेवायलाही उठले नाहीत. दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि दोन शेजारच्या घरांचे आकडे दाखवले. भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं, आणि एकातली खूण दुसऱ्यापेक्षा फूटभर वर.

"पानी सपाट ऱ्हास, वंदनाबेन," ते म्हणाले. "एक घरमां वर अन शेजारना घरमां खाले, असं व्हस नही."

मग त्यांनी कारण सांगितलं. पूर ओसरल्यावर गल्लीतल्या प्रत्येकानं घरात भर घातली होती. पुन्हा पाणी शिरू नये म्हणून पडझडीचा राडारोडा आणून कुणी फूटभर, कुणी दोन फूट जमीन उंच केली आणि वर नवीन फरशी बसवली. कमलबाईंच्या हट्टामुळं आबांनी स्वतः चार टेम्पो भर आणून टाकली होती. बायका बरोबर सांगत होत्या, रेघ कपाळालाच होती. पण त्या तेव्हा जुन्या जमिनीवर उभ्या होत्या आणि आम्ही त्यांना नव्या जमिनीवर उभं करून मापलं. भर घालायला दगूबाईंकडं कुणी नव्हतं, त्यामुळं तिची जमीन जुनीच राहिली. आख्ख्या गल्लीत एकटीचं माप खरं होतं, आणि ते मी बाजूला काढलं होतं.

मला सगळं लख्ख कळलं आणि मी लगेच न कळल्यासारखं केलं. मी त्यांना म्हणाले, आबा, राहू द्या. मेहुलभाईंना माहीत नाही, बिल्डरच्या इंजिनिअरला शोधूनही सापडणार नाही. आणि पुढचा पूर याहून मोठा आला तर? दीड फूट जास्त धरलेलं चांगलंच की. हे मी त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलत होते आणि बोलताना मला दाराकडं बघावं लागत होतं.

आबांनी वहीवर हात ठेवला. मग हळू आवाजात बोलले, इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना तोवर ऐकलं नव्हतं.

"आज मी आपलासाठे वर लिखं, तं उद्या कोनी त्यानासाठे खाले लिखी. मंग त्याले मी काय सांगू?"

मी म्हणाले, "आणि ओवारा? कमलबाईंचा?"

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गल्लीत गेले, प्रत्येक घरात भर किती घातली ते विचारून, कोपऱ्यातली एखादी फरशी उचलून, खात्री करून आले. नंतर वहीत एकेका आकड्यावर आडवी रेघ मारली, वर नवा आकडा लिहिला, सही केली. सगळ्यांत आधी आपल्या घराचा. मला राग आला होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही आणि नकाशावरची निळी रेघ खाली ओढताना मुद्दाम त्यांच्याकडं पाठ करून बसले. दीड फूट म्हणजे केवढंसं, पण त्या उतरत्या काठावर रेघ पाचव्या इमारतीच्या पार पलीकडं गेली.

लोकसुनावणी अमरोलीत एका मंडपात झाली. व्यासपीठावर अधिकारी, एका बाजूला बिल्डरची माणसं, समोर गल्ली. बायका पुढच्या रांगेत नीटनेटक्या साड्या नेसून बसल्या होत्या, कारण पहिल्या बातमीवरून त्यांना वाटत होतं निकाल आपल्या बाजूचा आहे. खरं तर अहवाल मेहुलभाई वाचणार होते. आबा त्यांच्या आधी उठले. आधी गुजरातीत, मग मराठीत त्यांनी सांगितलं की पहिली रेषा चुकीची होती, पाणी एवढं वर आलं नव्हतं, मापताना फरशीखालची भर मी विसरलो. "मनी चूक शे. मीच लिखेल व्हतं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. दगूबाईंचा आकडा कुणी नाकारला, तेही सांगितलं नाही.

पुढच्या रांगेतून सिंधूअक्का उभ्या राहिल्या. त्यांनी बिल्डरला काही म्हटलं नाही, अधिकाऱ्याला म्हटलं नाही. त्या आबांना म्हणाल्या, "कमल जित्ती ऱ्हाती तं तुमले घरमां पाय ठेवू देती नही."

आबांना ऐकू आलं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. आलं होतं. मी शेजारीच बसले होते.

त्यानंतरही ते खाली बसले नाहीत. त्यांनी अधिकाऱ्याला हात जोडून सांगितलं की रेषेचं काम संपलं, आता विनंती करतो. इमारत बांधा, पण ओवाऱ्याची वाट राहू द्या, वर्षातून एक दिवस तरी. अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. मंजुरी आली तेव्हा शेवटच्या पानावर एक ओळ होती, नदीकडं जाण्याचा मार्ग शक्यतो खुला ठेवावा. त्या ओळीचं पुढं भिंतीत एक लोखंडी फाटक झालं आणि फाटकाला कुलूप लागलं.

गल्लीत बोलणं सुरू झालं की आबांना बिल्डरनं फिरवलं. ते खोटं होतं हे मी ज्याला त्याला सांगत सुटले, पण मी त्यांच्याच ऑफिसातली, माझं कोण ऐकणार. आबा रविवारी जायचे थांबले. पाण्याचे फोन थांबले. खोडरबर माझ्या टेबलावरच राहायला लागलं आणि मला ते नकोसं झालं, मी ते कपाटात टाकून दिलं. मला त्यांची माफी मागायची होती, राग धरल्याबद्दल आणि त्याहून जास्त त्या 'ग्राह्य नाही'बद्दल. मी ती मागितली नाही. उद्या मागू, असं म्हणत राहिले. दिवाळीनंतर ते मुलाचं घर सोडून गावी भावाकडं राहायला गेले. आता फोन स्पीकरवर ठेवला तरी त्यांना माझं ऐकू येत नाही. भाऊ सांगतो, बरे आहेत. आज ऑफिसात दुर्बीण आहे, नवं मशीन आहे, ते चालवणारा हुशार माणूस आहे. तरी दहाच्या सुमाराला जिना वाजला की माझं लक्ष दाराकडं जातं. मला त्यांची फार आठवण येते, हे साधं वाक्य त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी वेळेवर म्हणायला हवं होतं.

ते गावी जायच्या आधीच्या श्रावणात मी त्यांना कानबाईच्या सोमवारी पाहिलं. पाचव्या इमारतीचे दोन स्लॅब पडले होते. फाटक उघडणार असं गल्लीला सांगितलेलं, म्हणून मी आबांना आग्रह करून स्कूटीवर घेऊन गेले. ते गल्लीत शिरले नाहीत, रस्त्याच्या पलीकडं माझ्याजवळ उभे राहिले. पाट सिंधूअक्कांच्या डोक्यावर होता. मिरवणूक फाटकाशी आली आणि तिथंच थांबली. वॉचमनकडं किल्ली नव्हती. ज्याच्याकडं होती तो फोन उचलत नव्हता. सगळे उन्हात ताटकळले. वाजंत्री आधी हळू झाली, मग बंद पडली. भिंतीपलीकडं नदी होती, तिचा वास येत होता. शेवटी कुणीतरी एक टेम्पो आणला, दुसऱ्या ओवाऱ्यावर जायचं ठरलं.

बायका एकेक करून चढल्या. पाट आता हातात धरून न्यावा लागणार होता, टेम्पोच्या हिसक्यांत तो पडला असता. सिंधूअक्कांनी पोरीबाळींकडं बघितलं, पुरुषांकडं बघितलं. मग रस्त्याच्या पलीकडं बघितलं. सुनावणीपासून वर्ष होत आलं होतं, त्या आबांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी हाक मोठ्यानं मारली, त्यांना ऐकू जाईल अशी.

"आबा, चढा. कमलना पाट धरा."

आबा रस्ता ओलांडून गेले. चपला खाली काढून ठेवल्या, मागच्या फळीला धरून वर चढले आणि पाट दोन्ही हातांनी छातीशी घेतला. त्यांच्या चपला कुणीतरी उचलून आत टाकल्या. टेम्पो वळून भिंतीच्या कडेनं निघाला तेव्हा चौथ्या आणि पाचव्या इमारतीच्या फटीतून क्षणभर ओवारा दिसला, आणि सगळ्या बायका माना वळवून तिकडं बघायला लागल्या. आबांनी बघितलं नाही. त्यांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. टेम्पो माझ्याजवळून गेला तेव्हा मला ऐकू आलं. ते कमलबाईंच्या माहेरच्यांची नावं घेत होते, एकेक करून, भाच्यांच्या टोपणनावांपर्यंत, आणि सिंधूअक्का त्यांच्या शेजारी उभ्या राहून राहिलेली नावं सांगत होत्या.